कडुनिंबाचे वाटेकरी

पुण्यात कोथरूडला एका गल्लीत नऊ बंगले होते. गल्लीच्या पश्चिम बाजूला अण्णांचा बंगला आणि त्यांच्या फाटकाला लागून एक कडुनिंब. घर बांधलं त्या वर्षी अण्णांनीच लावलेला, आता चाळिशी उलटलेला.

सकाळी त्याची सावली अण्णांच्या अंगणात पडे, पण तेव्हा उन्हाला फारसा जोर नसे. दुपार कलली की ती रस्ता ओलांडून समोरच्या काकूंच्या घरावर जाई. मे महिन्यातही त्यांच्या वरच्या मजल्याच्या भिंतीला हात टेकवता येई. इस्त्रीवाल्याची गाडी दिवसभर त्याच झाडाखाली असे आणि शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी पोरंही तिथेच थांबत.

कचरा मात्र अण्णांच्या वाट्याला. माघ-फाल्गुनात पानगळ, चैत्रात बारीक पांढऱ्या फुलांचा सडा, पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या. पिकलेली लिंबोळी पायाखाली फुटली की चिकट गर फरशीला धरून बसतो; बादलीभर पाणी ओतून, खराट्याने घासल्याशिवाय निघत नाही. पन्हळी तुंबत, त्या साफ करायला माणूस बोलवावा लागे. अण्णांनी सत्तरी ओलांडली होती. शेजारी येता-जाता सांगत, "अण्णा, तुमच्या झाडाची पानं आमच्या दारात येतात हो." सावली सगळ्यांची आणि पानं एकट्या अण्णांची, असा हिशेब होता. तो अन्यायाचाच होता आणि अण्णांनी तो वर्षानुवर्षं निमूटपणे सोसला.

पुढे अण्णांनी घर विकून मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. मार्गशीर्षात एक जोडपं घर पाहून गेलं. बरोबर मुलीची आई होती. घर बघून झाल्यावरही तिघं कडुनिंबाखाली बराच वेळ बोलत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बरा आकडा सांगितला. अण्णांना तो आणखी वाढायला हवा होता. एजंट म्हणाला, "झाडामुळे घराचा फ्रंट दिसत नाही. ते काढा, दोन गाड्यांचं पार्किंग होईल. भाव आपोआप वाढेल."

अण्णांनी महापालिकेकडे अर्ज केला. कारण दिलं, मुळांमुळे कंपाउंडची भिंत तडकली आहे. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि त्याआधी झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कडुनिंबाच्या खोडावर कागद लागला. हरकतीसाठी सात दिवस होते. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. इतरांनीही वाचला. प्रत्येक घरात एकच बोलणं झालं : झाड अण्णांचं, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? सात दिवसांत एकही हरकत गेली नाही.

परवानगी मिळाली, बदल्यात रोपं लावण्याच्या अटीवर. ती लागली महापालिकेने दाखवलेल्या दूरच्या जागेत. कायदा पाळला गेला, पण गल्लीच्या वाट्याला त्यातलं एक पानही आलं नाही.

चैत्र संपता संपता ते जोडपं पुन्हा आलं. दुपारचे तीन वाजले होते. मुलीच्या आईने गाडीतून उतरून इकडेतिकडे पाहिलं. "मागे आलो तेव्हा इथे झाड होतं ना?"

"काढलं. आता दोन गाड्या आरामात बसतात," एजंट म्हणाला.

"गाडीची सोय झाली हो. माणसानं कुठे उभं राहायचं?"

त्यांनी आधीपेक्षा कमी आकडा सांगितला. दुसरं कोणी वाढवून देईना, तेव्हा अण्णांनी त्यातच व्यवहार उरकला.

अण्णांपेक्षा जास्त फटका गल्लीला बसला. काकूंच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी सातलाही भिंत तापलेली. भाडेकरू दुसऱ्याच उन्हाळ्यात खोली सोडून गेला आणि नव्याने एसी मागितला, वर भाडंही कमी करून घेतलं. शेवटच्या बंगल्याची जाहिरात 'झाडीतली शांत गल्ली' अशी होती, ती ओळ काढून टाकावी लागली. इस्त्रीवाला पलीकडच्या गल्लीत गेला.

हे फक्त गोष्टीतच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डोनोव्हन आणि बट्री या दोन अभ्यासकांनी घरांच्या विक्रीचे व्यवहार तपासून 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. रस्त्याकडेच्या एका झाडामुळे ज्या घरासमोर ते आहे त्याची किंमत सरासरी सुमारे 7,100 डॉलरने वाढलेली दिसली. त्याच झाडाने शंभर फुटांच्या आतल्या शेजारच्या घरांच्या किमतीत मिळून आणखी सुमारे 12,800 डॉलरची भर घातली होती. म्हणजे मोठा वाटा शेजाऱ्यांचा, आणि पोर्टलंडमध्येही तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाची देखभाल ज्याच्या घरासमोर ते असे त्याच्याच माथी होती. आपल्याकडे कितीतरी झाडं याच हिशेबापायी जातात. ज्याला निम्म्याहून कमी मिळतं त्यानेच सगळं झाडायचं, तर तो कधीतरी कुऱ्हाड मागणारच.

दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या जांभळावर तशीच नोटीस लागली. या वेळी काकू थांबल्या नाहीत. पण हरकतीचा कागद लिहिण्याआधी त्या कोपऱ्यावरच्या घरी जाऊन बसल्या आणि विचारलं, "या झाडाचा तुम्हाला त्रास काय होतो, ते तरी सांगा." नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी. त्यांनी भडाभडा सांगितलं : गाडीवर जांभळे डाग, दारात चिखल, वादळात फांदी पडायची धास्ती आणि हे सगळं निस्तरायला दोघंच.

काकू तिथून उठल्या आणि एकेका दारात गेल्या. रविवारी नऊ घरं एकत्र बसली. झाडलोटीच्या बाईंचा पगार नऊ ठिकाणी वाटला गेला. पावसाळ्याआधी रीतसर परवानगी काढून धोकादायक फांद्यांची छाटणी करायची, तो खर्चही सगळ्यांचा. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून चारी बाजूंनी माती मोकळी करायची, म्हणजे पाणी मुळांपर्यंत जाईल. राहिली गाडी. अण्णांचं घर घेतलेल्या जोडप्याकडे गाडी एकच होती. ते म्हणाले, "जांभळं संपेपर्यंत तुमची गाडी आमच्याकडे लावा, जागा रिकामीच असते."

सोमवारी कोपऱ्यावरच्या घराने अर्ज मागे घेतला.