परीक्षेला बसू न दिलेल्या मुली

इबोलाच्या साथीमुळे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये २०१४च्या मध्यापासून शाळा बंद होत्या. त्या काळात कितीतरी शाळकरी मुलींना दिवस गेले. कुणावर बळजबरी झाली होती, कुणी घरातली कमावती माणसे गेल्यावर दोन घासांसाठी कुणाच्या तरी आसऱ्याला गेली होती. एप्रिल २०१५मध्ये शाळा उघडल्या आणि सरकारने जाहीर केले, की गरोदर मुलींना वर्गात बसता येणार नाही, परीक्षाही देता येणार नाही. का, तर त्यांच्यामुळे इतर निष्पाप मुली बिघडतील.

हे कारण आपल्याकडच्या अनेक सज्जन पालकांनाही पटेल. म्हणून ते नीट तपासले पाहिजे. पोट वाढलेली मैत्रीण शेजारच्या बाकावर बसली, तर चौदा वर्षांच्या मुलीला काय दिसते? तिची दमछाक, तिची काळजी, पुढ्यात येऊन पडलेले ओझे. यात मोह वाटावा असे काय आहे? उलट तिला हाकलले, की उरलेल्या मुली एकच गोष्ट शिकतात: आपल्यावर असा प्रसंग आला तर कुणालाही कळू द्यायचे नाही. तिथे झालेही तसेच. काही मुली पोट आवळून बांधून परीक्षेला गेल्या. काही शाळांत मुलींची पोटे, छातीसुद्धा चाचपून पाहिली गेली. मुलींच्या शीलाच्या नावाखाली त्यांच्या अंगाला हात लावला गेला, याचा मला संताप येतो. आणि ज्याच्यामुळे दिवस गेले तो? तो विद्यार्थी असेल तर त्याच वर्गात बसून पेपर लिहीत होता.

या मुलींसाठी पुढे वेगळे वर्ग काढले गेले. आठवड्यातून तीनच दिवस, मोजकेच विषय. पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये बंदी उठवण्याचा आदेश दिला. वेगळे वर्ग हाही भेदभावच, असेही ठरवले. मार्च २०२०मध्ये बंदी उठली.

परंतु पाच वर्षांत ज्यांच्या परीक्षा हुकल्या, त्या मुली आता बाया झाल्या. त्यांची लेकरे आज शाळेत जाण्याच्या वयाची आहेत. या आयांना पुन्हा पुस्तक हाती घ्यायचे असेल, तर वर्गाच्या वेळेत लेकरू कोण सांभाळणार आणि फी कोण भरणार, हे शासनाने आणि घरच्यांनी मिळून ठरवायला हवे. नुकसान त्यांच्या हातून झालेले नाही.