नेम, मास्क आणि प्रमाद

आम्ही सांगलीकडचे जैन. घरी पाणी गाळून भरतात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मुलाला मित्राच्या वाढदिवसाचं, तेही पेंटबॉलचं आमंत्रण आलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, ‘‘रंगाची असली तरी बंदूकच ती. नेम माणसावरच धरायचा ना रे?’’

मी तिला पहिल्या डावाची हकीकत सांगितली. २७ जून १९८१, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर. झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं घेऊन बारा जण रानात उतरले. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनतज्ज्ञ. त्यानं एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा केले. आई म्हणाली, ‘‘मग पिस्तूल दिलंच कशाला त्याला?’’

आईच्या प्रश्नामागे आमची हिंसेची व्याख्या होती. जैन आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात ती करताना प्रमाद आधी सांगितला, प्राणघात नंतर. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. कुंदकुंदाचार्य तर म्हणतात, जीव मरो वा न मरो, बेसावध वागणाऱ्याला हिंसा लागतेच. पाठशाळेत हे घोकलं होतं. कळलं ते मुलाला घेऊन गेलो तेव्हा, पुण्याबाहेरच्या पेंटबॉलच्या मैदानावर.

पेंटबॉलची गोळी गोटीएवढी, ०.६८ इंचाची. मोठ्यांच्या खेळात तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत, म्हणजे ९१ मीटर. दंडावर बसली तर गोल वळ उठतो, चार दिवसांत जातो. उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. लहान मुलांसाठी ०.५० इंचाच्या, हलक्या माराच्या गोळ्या असतात. त्या दिवशी त्याच होत्या. पण डोळ्याला तीही गोळी जडच.

मुलाच्या मास्कची काच एकेरी होती. पावसाळी हवा, धावून फुललेला श्वास. दहा मिनिटांत काच धुकटली. टायरच्या आडोशाला बसून त्यानं अंगठ्यानं मास्क कपाळावर सरकवला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. पंधरा पावलांवर एक मुलगी, अकराएक वर्षांची, नेम धरून उभी. तिनं नळी जमिनीकडे वळवली, घोड्यावरचं बोट काढलं आणि ओरडली, ‘‘मास्क! मास्क!’’ शिट्टी झाली, डाव थांबला. मी जाळीबाहेर उभा होतो, पाय लटपटत होते.

चूक माझी होती. संमतीपत्रावर न वाचता सही केली, बंदूक हातात घेऊन पाहिली, मास्क नाही पाहिला. कुणाला इजा झाली नाही, तरी कुंदकुंदांच्या हिशेबानं त्या दुपारची हिंसा माझ्या नावावर आहे. नेम धरणाऱ्या त्या मुलीच्या नावावर काहीही नाही.

आईच्या प्रश्नाला मी आता उत्तर देतो: सावध खेळाडूनं खेळात नेम धरला तर ती हिंसा नव्हे. पण गोळीचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. ती हिंसा मैदानाबाहेर, आधीच होऊन गेलेली असते. त्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून आमच्या घरचा पेंटबॉल संपला.

तुम्ही मुलांना पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा, मास्कची काच दुहेरी आहे का? ती सहसा धुकटत नाही. डावाबाहेर बंदुकीच्या नळीवर कापडी टोपी घालतात का, तेही विचारा. ‘हो’ म्हणाले तरी गेल्यावर मास्क स्वतः हातात घ्या, पट्टा ओढून बघा आणि मगच मुलाला आत सोडा.