दहा-दहा-दहा-दहा

मास्तरांनी कमी मार्क दिले तर माणूस मास्तरांना नावे ठेवून मोकळा होतो. पण आपल्याच डब्यातली चटणी खाणाऱ्या मित्राने कमी दिले, तर करायचे काय? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण तो हल्ली रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला आहे.

अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन नावाचे प्राध्यापक होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा 40 जणांचा वर्ग 120 चा झाला. आपल्याकडे अशा वेळी बाक वाढवतात. त्यांनी गट पाडले. चाचणी आधी एकेकट्याने सोडवायची, मग तीच गटाने भांडून सोडवायची आणि शेवटी गटातल्यांनी एकमेकांना मार्क द्यायचे. गृहस्थ शिकवत होते व्यवस्थापन, म्हणजे आम्हा बी.कॉम.वाल्यांच्या गोतातले, रसायनवाल्यांनी युक्ती मागाहून उचलली. त्यातली खोच अशी, की माणशी सरासरी दहा मार्क वाटायचे, पण सगळ्यांना सारखे नाही. एकाला तरी अकरा, एकाला तरी नऊ!

आमच्या गारगोटीत हे सांगितले की लगेच विचारतात, "दहा-दहा दिलं तर काय बिघडलं ओ?"

बिघडते ते असे. टायट्रेशन चालू आहे. एक जण ब्युरेटपाशी डोळ्यांत तेल घालून उभा. द्रावण फिके गुलाबी होताच थांबायचे, एक थेंब जादा पडला की रंग गडद आणि मेहनत पाण्यात. दुसरा आकडे लिहितो, तिसरा काचसामान धुतो, चौथा खिडकीतून एस.टी. स्टँड बघतो. चौघांना दहा-दहा दिले की आपण दिलदार ठरतो. पण हिशेब बघा: धुणाऱ्याच्या खात्यातला एक मार्क आपण खिडकीवाल्याच्या खात्यात वळता केला. बँकेत याला खातेदाराची सही लागते.

तरी खिडकीवाल्याची बाजू आहेच. तो रात्रभर आजारी आजीजवळ जागला असेल. म्हणून नऊ मार्क त्या दिवसाच्या कामाचे, माणसाचे नव्हेत, एवढे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कळले पाहिजे. तेच तर अवघड! कुठल्याही कचेरीत काम कोण ओढतो हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असते. विचारले तर सगळेच चांगले.

मौनाचे आम्हाला वावडे नाही. कोठारी आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी गारगोटीत उभारलेल्या विद्यापीठाला पाटगावच्या मौनी महाराजांचेच नाव आहे. पण महाराजांचे मौन व्रताचे होते, आमचे सोयीचे.

शेजारच्या बी.एस्सी.वाल्या पोराला म्हटले, "तुझ्यावर वेळ आली तर?"

"खिडकीवाल्याला नऊ. पण आधी त्याला तोंडावर सांगणार."

"मग तो?"

"मला आठ देईल."

"आणि तरी सांगणार?"

"न सांगता दिलं तर सात देईल की, काका!"