पहिली हळद

पांडुरंगा, उद्या सकाळी मला पुढे होऊ दे.

मागणं एवढंच आहे. पोरीचा संसार सुखाचा होऊ दे, जावई गुणाचा निघू दे, हे मांडवातले सगळेच तुझ्याकडे मागताहेत. माझं मागणं कुणापुढे बोलता येण्यासारखं नाही, म्हणून घर निजल्यावर तुझ्यापुढे बसलेय. पाहुणे सोप्यात आडवे झालेत. तू तेवढा उभा आहेस. तुला उभं राहायची सवय आहे, देवा. मला नाही. मी आयुष्यभर खाली मान घालून, कडेकडेनं चालत आले.

उद्या नवरदेवाकडची उष्टी हळद येईल. पोरगी पाटावर बसेल. सवाष्णी आंब्याची पानं हळदीत बुडवतील आणि तिच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला लावतील. पहिला हात माझा, कारण या घरातली थोरली सून मी, थोरली सवाष्ण मी. तबक माझ्या हातात येईल. आणि त्या वेळी मला मागे वळून धाकट्या जावेला हाक मारायची आहे. पोरीच्या आईला. तिला म्हणायचं आहे, ये, तुझी लेक आहे, पहिली हळद तू लाव.

एवढंच बोलायचं आहे. पण ते ओठांवर येईल का?

ती कुठे असेल ते तुला ठाऊक आहे. आज घाणा भरला तेव्हा जिथे होती, तिथेच. मुसळाला आंब्याचा डहाळा बांधला, हळकुंडं कांडली, पाचजणी ओव्या म्हणत बसल्या आणि ती आत परातीत तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागत नाही. ज्या पोरीला तिनं पोटात वाढवलं, शिवणाच्या मशिनवर पाय मारून जिचं कॉलेज केलं, तिच्या हळदीत आपण कुठे उभं राहायचं नाही, हे ती न सांगता शिकली आहे.

माझा दीर २०२१ च्या त्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याला घरी आणताच आलं नाही. दवाखान्यातून परस्पर नेलं, तिला शेवटचं तोंडही दिसलं नाही. पण दहाव्याला बायका आल्या. मास्क लावून आल्या. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. तेव्हा दुकानं बंद होती, शाळा बंद होत्या, तुझ्या पालख्यासुद्धा पायी न जाता एसटीनं पंढरीला गेल्या. सगळं थांबलं होतं, हे तेवढं थांबलं नव्हतं. मला अजून कळत नाही, देवा, तुझी वारी थांबवता येते आणि ही रीत थांबवता येत नाही, असं का.

पांडुरंगा, मला पुढे होऊ दे.

मला वन्संची भीती वाटते, हे तुला सांगायला नको. त्या उद्या पाटाजवळ बसतील. मी हाक मारली की त्यांचा आवाज चढेल, ‘शुभकार्यात हे काय काढलंस?’ पण त्या वाईट नाहीत रे. धाकटीच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच रात्री जागून काढल्या. त्यांच्या मनात द्वेष नाही, भीती आहे. त्यांना त्यांच्या आईनं भीती दिली, त्या आईला तिच्या सासूनं. मला त्यांच्याशी भांडायचं बळ नको. त्यांचा अपमान न करता माझं वाक्य पुरं करता येईल, एवढं दे.

आता त्याच्या खालची भीती सांगते. मला तो मान आवडतो. माझी हळद पहिली, माझी ओटी पहिली, हळदीकुंकवाला माझं बोलावणं आधी. तीस-पस्तीस वर्षं या घरात राबून मला जे काही मिळालं, त्यातलं हे एक. नवरा जिवंत आहे यात माझं कर्तृत्व काय? तरी कपाळावरचं कुंकू मी कमाईसारखं मिरवते. धाकटीला पुढे बोलवायचं तर तो मान माझ्या हातातून सोडावा लागेल, आणि हात गच्च मिटलेला आहे. तो तू उघड. मला उघडवत नाही.

आणि याच्याही खाली एक आहे. ते आजवर कुणाला बोलले नाही. मलाही थोडं खरं वाटतं, देवा. दिवसाढवळ्या नाही. दिवसा मी म्हणते, आईच्या हाताला कसला आलाय अपशकुन. पण रात्री मनात येतं, उद्या तिच्या हातून हळद लागली आणि पुढे पोरीला काही झालं तर? संसारात ताप आहेच, आजार आहे, भांडण आहे. ते कुणाला चुकलंय? पण पोरीच्या घरी भांडं जरी वाजलं तरी सगळे त्या हळदीकडे बोट दाखवतील, आणि त्यात एक बोट माझंही असेल. ही भीती माझ्या हाडांत आहे. ती जाईल तेव्हा जाईल. ती असतानाच मला बोलता येऊ दे. भीती संपायची वाट पाहत बसले तर पोरीची पोरगी पाटावर बसेल आणि मी तबक धरून तशीच उभी असेन.

मी किती लहान आहे ते मला ठाऊक आहे. मोठ्या माणसांची गोष्ट ऐकली की आणखी लहान होते. १८९० च्या नोव्हेंबरात पुण्यात जोतीराव फुले गेले. दत्तक घेतलेल्या यशवंतानं अंत्ययात्रेतलं पुढचं मडकं, ते टिटवं, धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले. दारात नवऱ्याचं प्रेत, भोवती वाद. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, चालू लागल्या, अग्नीही त्यांनीच दिला. मी त्या वेळेचा विचार करते. आदल्या रात्री त्यांनी काही ठरवलं असेल का? कुणाला विचारायला सवड तरी होती का? शोक तर डोंगराएवढा असणार. आणि तरी हात पुढे गेला. पण तो हात त्या दिवशी एकाएकी नाही ना गेला, देवा. त्याआधी चाळीस वर्षं तो पोरींना शिकवत होता, शेणमाती झेलत होता, पुण्यातल्या फसवलेल्या विधवांची बाळंतपणं करत होता. माझ्या हाताला कसलीच सवय नाही. तव्यावरची भाकरी वरचं पाणी सुकायच्या आत उलटावी लागते, तेवढी एकच वेळ मला नेमकी साधते. उद्याची वेळही तेवढीच असेल. तबक हातात आल्यापासून पहिलं पान हळदीत बुडेपर्यंत. ती तू मला साधून दे.

आणि मला एकटीनं काही नवं करायचंय असंही नाही. आमच्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली होती, ते निमित्त. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढलं, बाकीच्या गावांनीही हे करावं म्हणून. पेपरात आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते वाचलं. वन्संनीही ऐकलं. चांगलं केलं म्हणाल्या. पण ठराव चावडीवर होतो आणि हळद परसात लागते. चावडीपासून परसापर्यंत तो कागद कुणी आणायचा? तिथे सरपंच येणार नाही, ग्रामसेवक येणार नाही. तिथे आम्ही बायकाच असतो, आणि आमच्यातल्याच कुणीतरी बोलावं लागतं. ती मी असावी, असं मला वाटतं आणि वाटतही नाही. तू ओढ मला.

विठ्ठला, तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी आधी आभार मानावे लागतात.

तू आम्हा दोघींना जवळ घेतलंस. आषाढीनंतर गर्दी ओसरली की आम्ही जावा-जावा मिरजेहून गाडीनं येतो, तासन् तास बारीत उभ्या राहतो, आणि तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. माझं ठेवते तसंच ती ठेवते. तू कधी तिला बाजूला हो म्हणालास? तिच्या कपाळाला तिथे बुक्का लागतो, माझ्याही लागतो, आणि बाहेर आलो की दोघींची कपाळं सारखी दिसतात. काळी, सुगंधी, सारखी. चंद्रभागेच्या वाळवंटात अनोळखी माणूस तिच्या पाया पडतं, ती त्याच्या पडते. तिथे ती हसते. त्या हसण्यासाठी मी तुझी ऋणी आहे. साने गुरुजी १९४७ साली तुझ्या पंढरीत उपोषणाला बसले तेव्हा तुझं दार दलितांसाठी उघडलं. तोवर तू आत होतास आणि तुझी लेकरं बाहेर. तुझ्यासाठीही कुणाला तरी पुढे व्हावं लागलं ना? मग तुला माझी अडचण कळेल.

आभार त्या पोरीचेही. परवा माझ्या केसांना तेल लावता लावता तिनं विचारलं, ‘मोठी आई, हळद आईच लावेल ना?’ सहज विचारल्यासारखं. तेल लावणारे हात मात्र थांबले होते. मी म्हटलं, बघू. तेवढंच म्हटलं. ही वाट तिनं दाखवली, मी नाही शोधली. एवढ्या लहान तोंडून तूच बोललास असं मी धरून चाललेय. तसं नसेल तरी तसंच राहू दे.

आता एकच राहिलं. मघापासून मी वन्संना घाबरतेय, अपशकुनाला घाबरतेय, पण धाकटीला मी विचारलेलंच नाही. चारचौघांत हाक मारली आणि ती मागे सरली तर? ती म्हणेल, ‘नको ताई, माझ्या पोरीचं वाकडं व्हायला नको.’ तिची भीती माझ्याहून मोठी आहे, कारण लेक तिची आहे. माझ्या धाडसासाठी मी तिला भर मांडवात उभं करायचं, हे मला पटत नाही. सगळे टाळ्या वाजवतील आणि तिचे हात कापतील, तसली हळद मला नको आहे. म्हणजे उद्याच्या आधी आजचं धैर्य लागणार. उद्याचं मागत बसले होते, ते सोपं होतं.

तेव्हा देवा, जरा थांब. मागणं बदलते. उद्याचं राहू दे, आत्ता मला उठू दे. ती जागी आहे, मागच्या दारी पातेली विसळते आहे, आवाज येतोय. मी जाऊन तिच्याशेजारी बसते आणि सरळ विचारते. ती हो म्हणाली तर उद्या दोघींनाही बळ दे, तिला थोडं जास्त दे. ती रडली तर मला गप्प बसता येऊ दे. आणि नाहीच म्हणाली, तर तुझ्याकडे परत येईन आणि तिच्या मनात एवढी भीती राहू कशी दिलीस म्हणून तुला सोडणार नाही. विटेवरून हलू नकोस.