बोटाच्या टोकावरील जीभ

जून २०१९ मध्ये हाँगकाँगच्या विधिमंडळाबाहेर निदर्शक रात्री कित्येक तास ‘हालेलुया’चे भक्तिगीत गात होते. कोठे जमावे, कोणास पाणी हवे, कोण जखमी आहे, हे तरुण मंडळी टेलिग्रामवरून क्षणात कळवीत. अशी परस्परसेवा आपल्या किती मंडळ्यांत आढळते? परंतु त्याच टेलिग्रामवर पोलिसांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे पत्तेही उघडे पडले. आंदोलकांच्या वाट्यासही हेच आले. याकोबाने जिभेस अग्नीची उपमा दिली. आज ती जीभ बोटाच्या टोकाशी आली आहे. वडीलधाऱ्यांनो, मुलगा अन्यायाविरुद्ध बोलतो म्हणून त्यास दटावू नका. येत्या रविवारी तरुणसंघात एवढेच विचारा: ज्याचे नाव तू पुढे पाठविलेस, त्याच्यासाठी प्रार्थना केलीस काय?