लिहिलेलं रक्त

ब्रॉक लेस्नर आणि अंडरटेकर हे दोन रेसलर २० ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, नॉर्थ लिटल रॉकमध्ये पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा प्रेक्षकांचं त्यांच्याकडे एक येणं बाकी होतं. चार आठवड्यांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये याच दोघांची याच विजेतेपदाच्या बेल्टसाठी लढत झाली होती. पंचाने दोघांनाही बाद केलं, बेल्ट लेस्नरकडेच राहिला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रेसलिंगमधला निकाल आधी ठरलेला असतो, हे त्या हुर्यो उडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. या लढती भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटसमोर ‘हे मनोरंजन आहे’ असं सांगून टाकलं होतं. तरीही माणसं चिडली, कारण गोष्ट अर्ध्यावर टाकून दिली गेली होती. कोण जिंकलं याच्याशी त्या रागाचा फारसा संबंध नव्हता.

आपल्याकडे या विषयावरची चर्चा ‘ते सगळं खोटं असतं’ या एका वाक्यात संपते. तालमीत घाम गाळणाऱ्याने तसं म्हणावं, हे मी समजू शकतो. शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात खासबागेचं मैदान बांधलं, तिथे ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती, ही शिवीच असायला हवी. पण वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंगकाँग यांची फ्रीस्टाइल पाहायला लोटणारे लोक काय, किंवा नव्वदच्या दशकात दप्तरात रेसलरांचे पत्ते लपवून शाळेत नेणारी मुलं काय, ही सगळी मंडळी फसली होती असं मला वाटत नाही. खलनायक तिसऱ्या अंकात मरणार हे माहीत असूनही आपण नाटकाला जातो आणि नट कमी पडला तर घरी येईपर्यंत त्याबद्दल बोलत राहतो. तसंच हे आहे.

खरोखर विश्वास ठेवणारा प्रेक्षक वेगळा वागतो. १९ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँटोनिनो रोका आणि एदुआर कार्पेंतिए यांची डिक द ब्रूझर आणि डॉ. जेरी ग्रॅहम यांच्याशी लढत झाली. रक्त वाहू लागलं तसे लोक रिंगणाकडे धावले आणि दंगल झाली. डिक द ब्रूझरला न्यूयॉर्कमध्ये कायमची बंदी आली. त्या गर्दीकडे राग होता, समीक्षा नव्हती. आजचा चाहता रक्त पाहून खुर्ची फेकत नाही. हे आत्ताच का, इतकं का, त्यातून गोष्ट पुढे गेली का, असं तो विचारतो. हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत आणि पुरेशा गांभीर्याने विचारले जात नाहीत, असं माझं मत आहे.

नॉर्थ लिटल रॉकची लढत ‘हेल इन अ सेल’ म्हणजे रिंगणाभोवती छपरासकट उभ्या केलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात होती. हा पिंजरा पहिल्यांदा वापरला गेला १९९७ मध्ये, सेंट लुइसला. दुसऱ्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने मिक फोली या रेसलरला पिंजऱ्याच्या छपरावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. त्या एका कोसळण्याने पुढच्या सगळ्या सेल लढतींवर सावली पडली. पिंजरा म्हटलं की कुणीतरी वरून पडायलाच हवं, असं लोकांनी धरून ठेवलं. २००२ च्या या फेरलढतीत कुणीच पडलं नाही. काही चाहत्यांनी ते उणं मानलं आणि आजही मानतात. मला मात्र तेच तिचं बळ वाटतं. सुमारे सत्तावीस मिनिटं दोन माणसं कोंडलेली राहिली आणि पिंजरा शेवटपर्यंत कोंडण्याचंच काम करत राहिला. लेस्नर छपरावर चढला तो जिंकल्यानंतर, बेल्ट उंचावण्यासाठी.

या लढतीत रक्त आलं कुठून, ते नीट पाहण्यासारखं आहे. अंडरटेकरच्या हाताला प्लास्टर होतं, कारण लेस्नरने तो हात मोडल्याचं आधीच्या आठवड्यांत दाखवलं होतं. म्हणजे लेस्नरने जे मोडलं तेच आता अंडरटेकरचं शस्त्र झालं. त्या प्लास्टरच्या फटक्यांनी लेस्नरचं कपाळ फुटलं. बाहेर उभा असलेला त्याचा मॅनेजर पॉल हेमन जाळीशी आला तेव्हा अंडरटेकरने त्याची टाय आतून धरली आणि त्याला जाळीवर ओढून आपटलं. तोही रक्तबंबाळ झाला. मग पारडं फिरलं, लेस्नरने तो दुखरा हातच धरून ठेवला, आणि अंडरटेकरचं कपाळ असं काही फुटलं की रक्ताची धार कॅनव्हासवर पडताना दिसत होती. शेवटी अंडरटेकरने ‘टूम्बस्टोन’ या आपल्या डावासाठी लेस्नरला उचललं, लेस्नर त्यातून निसटला आणि त्याने ‘एफ-फाइव्ह’ हा स्वतःचा डाव मारून अंडरटेकरची पाठ टेकवली. चितपट. अंडरटेकर स्वतःच्या पिंजऱ्यात, कुणाच्याही लबाडीशिवाय हरला.

लेस्नर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळताना २००० साली त्याने अमेरिकन कॉलेज कुस्तीचं हेवीवेट विजेतेपद मिळवलं होतं, म्हणजे त्याची ताकद नुसती दाखवण्यापुरती नव्हती. पण रेसलिंगचा प्रेक्षक पदक पाहून कुणाला मोठा मानत नाही. समोरच्या मोठ्या माणसाने आपलं काहीतरी त्याच्या हवाली करावं लागतं. त्या रात्री अंडरटेकरने ते केलं आणि रक्त ही त्या देण्याची दिसणारी खूण होती. म्हणून ते रक्त मला वायफळ वाटत नाही.

चाहत्यांची या लढतीवरची सगळ्यांत वजनदार टीका मात्र लढतीनंतरची आहे. १७ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर चार आठवड्यांनी, हेमनने दगा दिला आणि लेस्नर बिग शो या रेसलरकडून बेल्ट हरला. तिघांनी कपाळं फोडून जे उभं केलं ते महिनाभरही टिकवायचं नव्हतं, तर मग फोडलं कशाला? लेखकांकडे याचं उत्तर असेल. लेस्नरला लोकांचा लाडका करायचा होता आणि त्यासाठी दगा हवा होता. पण तो दगा तीन महिन्यांनी देता आला असता. इतक्या महागात घेतलेली वस्तू इतक्या घाईने खर्च करणं हा लेखनाचा दोष आहे आणि चाहते तो बरोबर ओळखतात.

याच लेस्नरची आणखी एक रक्ताळलेली फेरलढत आहे, आणि ती खरी आहे. २००८ च्या फेब्रुवारीत फ्रँक मीरने त्याला यूएफसी या खऱ्या लढतींच्या स्पर्धेत गुडघ्याच्या पेचात अडकवून हरवलं. ११ जुलै २००९ ला लास वेगासमध्ये दोघे विजेतेपदासाठी पुन्हा भेटले. लेस्नरने मीरला जमिनीवर दाबून जाळीशी खिळवलं आणि ठोशांनी त्याचा चेहरा ओळखू येणार नाही असा करून दुसऱ्याच फेरीत लढत संपवली. त्या लढतीत ना चढउतार होते ना पारडं फिरणं. चाहत्यांनी लेस्नरच्या त्यानंतरच्या उर्मट वागण्यावर टीका केली, आणि त्याने माफीही मागितली. पण मीरचा चेहरा इतका का सुजला, असा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि विचारून उपयोगही नव्हता. तिथे रक्त घडतं. रिंगणात ते कुणीतरी ठरवतं, मिनिट नेमून ठरवतं. ठरवणारा आहे म्हणून त्याला जाब विचारता येतो, आणि ‘सगळं खोटं’ असण्याने टीकेची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

कारण निकाल खोटा असला तरी रक्त खरं असतं. ब्लेडचा छोटा तुकडा बोटाच्या किंवा मनगटाच्या पट्टीत दडवलेला असतो. फटका बसला की रेसलर खाली पडतो, चेहरा हातांनी झाकतो आणि कपाळाला चीर देतो. कपाळाच्या कातडीखाली रक्तवाहिन्या दाट असतात. घाम मिसळला की थोडं रक्तही चेहराभर पसरतं, आणि ते आणखी पातळ व्हावं म्हणून काहीजण आधी अ‍ॅस्पिरिन घेत. हाताचा अंदाज दर वेळी बरोबर येत नाही. मे २००४ मध्ये लॉस एंजेलिसला जेबीएलविरुद्ध बेल्ट राखताना एडी गरेरोचं ब्लेड फार खोल गेलं आणि उरलेली लढत त्याने भयंकर रक्तस्राव होत असताना रेटली. चाहते तिची आठवण आजही आदराने काढतात. त्या आदरात मी सामील आहे, पण ती चूक होती हे विसरून नाही. अब्दुल्ला द बुचरच्या कपाळावर तर आयुष्यभराच्या ब्लेडांनी खोल चरे पडले होते. त्याच्या ब्लेडमुळे आपल्याला हेपॅटायटिस सी झाला असा दावा कॅनडातल्या एका रेसलरने लावला आणि २०१४ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने त्याला सुमारे २३ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

चाहत्यांनी मात्र रक्तासाठी मोजपट्टीच काढली. १४ डिसेंबर १९९२ ला ओसाकात हिरोशी हासेविरुद्ध ग्रेट मुटाने इतकं रक्त सांडलं की ती लढत म्हणजे १.० धरून बाकीच्या लढती ‘मुटा स्केल’वर मोजल्या जाऊ लागल्या. गंमत म्हणून ते सुरू झालं असेल, पण मला ते पटत नाही. किती सांडलं हे मोजणारा कशासाठी सांडलं हे विचारायचं सोडून देतो, आणि ते आकडे लॉकर रूमपर्यंत पोचतात. कोणत्या लढतीला किती दाद मिळाली हे रेसलरांइतकं बारकाईने दुसरं कोणी पाहत नाही.

२००८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने कार्यक्रम लहानांसाठीही योग्य केला आणि ब्लेडवर बंदी आणली. सेल लढती वर्षातून एकदा नेमाने होऊ लागल्या आणि पिंजऱ्यात रक्तच नाही अशी तक्रार सुरू झाली. मग ५ जून २०२२ ला शिकागोजवळ रोझमाँटमध्ये कोडी रोड्स आणि सेथ रोलिन्स त्याच पिंजऱ्यात उतरले. त्यांचीही ही फेरलढतच होती, तिसरी, पण बेल्ट पणाला नव्हता. रोड्सच्या छातीचा स्नायू काही दिवसांपूर्वी हाडापासून फाटला होता. त्याने जॅकेट काढलं तेव्हा छातीपासून दंडापर्यंत जांभळा-काळा पट्टा दिसला आणि सगळं स्टेडियम हळहळलं. रोलिन्सने केंडोची काठी त्याच जागी टोचली. रोड्स जिंकला. चाहत्यांनी वर्षातली सर्वोत्तम म्हणून तिला डोक्यावर घेतलं, आणि डेव्ह मेल्त्झर या ज्येष्ठ समीक्षकाने तिला पूर्ण पाच तारे दिले.

रक्ताचा थेंब नव्हता. पण नॉर्थ लिटल रॉकच्या तीन चिरा आठवड्याभरात भरून आल्या असतील, आणि रोड्सने मात्र त्या रात्री आपला हात पणाला लावला होता. ती दुखापत कुणी लिहिली नव्हती हे खरं. पण तिच्यासह रिंगणात उतरायचं, तिच्यावर काठी टोचायची, आणि ते सगळं गोष्टीचा कणा करायचं, हे लिहिलेलंच होतं. चार दिवसांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत, सात महिन्यांहून अधिक काळ, तो लढू शकला नाही. पाच तारे देताना हे सात महिने कोणत्या खात्यात धरायचे, हे त्या लढतीचं कौतुक करणाऱ्या कुणीही मला अजून सांगितलेलं नाही.