वाहून गेले ते कोठे गेले?

इंदुरात पाण्याला पाणी म्हणत नाहीत, नर्मदा म्हणतात. सकाळी नळाला धार लागली की घराघरांतून ‘नर्मदा आली’ अशी हाक उठते. हा केवळ बोलण्याचा प्रकार नव्हे. मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटरांचे अंतर आणि चारशे मीटरांहून अधिक चढ ओलांडून ती खरोखरच आमच्या दारी येते. तिच्यासाठी 1970 साली या शहराने आंदोलन केले आणि 1978 मध्ये ती आली. आलेल्या पाहुणीचे स्वागत आम्ही उत्तम केले. ती आमच्या घरातून बाहेर पडते तेव्हा तिचे काय होते, हे मात्र आम्ही क्वचितच विचारले.

या शहराची स्वतःचीही नदी होती, किंबहुना आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या जिच्या काठी उभ्या आहेत ती कान्ह, आणि तिला येऊन मिळणारी सरस्वती. होळकरांनी आपल्या राजपुरुषांची स्मारके एखाद्या नाल्याच्या काठी खचितच बांधली नसती. परंतु आमच्या दोन पिढ्यांनी तिला नाला म्हणूनच ओळखले. नदीचा नाला होतो तो एका दिवसात नव्हे. आधी तिच्या पाण्याची गरज संपते, मग तिच्याकडे पाहण्याची सवय संपते आणि शेवटी तिचे नाव संपते.

शहर वाढते तेव्हा पाण्याचे नेमके काय होते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे पाणीपुरवठ्याची प्रत्येक योजना ही सांडपाण्याचीही योजना असते. फक्त तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे उद्घाटन सहसा होत नाही. दुसरीकडे, डांबर, काँक्रीट आणि फरशी यांखाली गेलेली जमीन पाऊस पिऊ शकत नाही. पूर्वी जमिनीत मुरून उन्हाळ्यापर्यंत झिरपत राहणारे पाणी आता तासाभरात रस्त्यावरचे तेल, राख आणि कचरा घेऊन धावत सुटते. नदीचे स्वतःचे पाणी असे आटते आणि परक्या नदीचे, वापरलेले पाणी तिच्यात वाढते. कोरड्या ऋतूत तिच्यात जे वाहते ते बहुतांशी शहराने टाकलेलेच असते. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो; नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी पोसते; मासे नाहीसे होतात.

शुद्धीकरण केंद्रे आहेत ना, असा प्रश्न येथे येईल. आहेत, आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. नदी-नाल्यांत थेट उघडणारी सांडपाण्याची हजारो तोंडे या शहराने बंद केली. 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणांत सलग अनेक वर्षे मिळालेला पहिला क्रमांक फुकटचा नव्हे. पण नदीत स्नान करावयाचे तर पाण्यातील जैविक प्राणवायू-मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा आपल्या देशातील निकष आहे. उत्तम चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणीही साधारणपणे याहून मलिन असते. उरलेले काम नदीच्या निर्मळ प्रवाहाने करावे, असे गृहीत धरलेले असते. तो प्रवाहच आम्ही आटविला असेल, तर शुद्धीकरण कोणाच्या भरवशावर?

आता या पाण्याची पुढची वाट पाहू. कान्ह सांवेरवरून उत्तरेस जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीवर क्षिप्रेस मिळते. क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस, यमुना गंगेस. पश्चिम समुद्राकडे निघालेली नर्मदा आमच्या स्नानगृहांतून वळून पूर्व समुद्राकडे जाते, आणि जाताना आमचे सारे अंगावर घेऊन जाते. ज्या क्षिप्रेत बारा वर्षांनी सिंहस्थाचे स्नान होते तिच्यातही तेच येते. यावर उपाय काय झाला? 2014 मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेच्या उगमाकडे आणून सोडले गेले, आणि 2016 च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी नळांतून घाटांना वळसा घालून पुढे सोडण्याची योजना झाली. 2028 च्या सिंहस्थासाठी पुन्हा तशाच, अधिक मोठ्या बंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. भाविकांची सोय झाली, हे खरे. पण घाटाच्या पुढेही गावे आहेत. मलिनता संपली नाही; तिचा पत्ता बदलला.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न येथे आहे. दूर सारणे म्हणजे स्वच्छ करणे काय? सोवळ्या-ओवळ्याच्या दीर्घ सवयीने आम्हांला एक गोष्ट शिकविली आहे: मलिन वस्तूपासून आपण अलग झालो की आपण शुद्ध झालो. जो ती उचलतो, ज्याच्या दारी ती जाऊन पडते, त्याचा विचार या शुद्धतेत नाही. नगररचनेत आम्ही हेच सोवळे नळांच्या रूपाने बांधून काढले.

यावर एक प्रामाणिक प्रतिवाद आहे. लाखोंच्या शहरात एका घराच्या बादलीभर पाण्याने नदी मरत नाही. मग दोष कोणाचा? कोणा एकाचा नव्हे, हे मान्य. पण ज्या अपायात प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असतो, तेथे कर्तव्य वैयक्तिक संयमाने संपत नाही. ते सामुदायिक मागणीचे रूप घेते. नर्मदा आणण्यासाठी हे शहर एकमुखाने बोलू शकले. कान्हसाठी तसे बोलल्याचे आम्हांला आठवत नाही. आणण्यासाठी जो एकमुखी होतो, त्याला परत देताना ‘मी एकटा काय करणार’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

शिवाय दूर सारलेले दूरच राहते, असेही नाही. 2025 च्या डिसेंबरअखेर याच शहरातील भागीरथपुऱ्यात पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, अनेकांचे प्राण गेले. ज्या वस्तीच्या नावात गंगा आणणारा भगीरथ आहे, तेथे नळानेच मृत्यू आणला. दोन नळ, एक येणारा व एक जाणारा, एकाच मातीत शेजारी पुरलेले असतात. एकाची पूजा आणि दुसऱ्याची उपेक्षा फार काळ चालत नाही, हे आम्हांला फार मोठी किंमत देऊन कळले. आणि ती किंमत ज्यांनी दिली ते उपेक्षेचे कर्ते नव्हते.

विचित्र योग असा की दुसरी वाट याच शहरात सांगितली गेली होती. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबारास दिलेल्या नगररचनेच्या अहवालात शहरातील नद्यांच्या सुधारणेचा विचार केला आणि मैला नदीत नव्हे, बागांत जावा असा आग्रह धरला. पुढे अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथेच काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. मातीतून जे आले ते मातीत परत जावे, एवढेच दोघांचे सांगणे. त्यात तंत्र आहे, पण त्याआधी ऋणाची जाणीव आहे.

म्हणून शहराच्या स्वच्छतेची परीक्षा त्याच्या चौकात नव्हे, त्याच्या वेशीबाहेर घ्यावी, असे आम्हांस वाटते. सांवेरच्या शेतकऱ्याला आमचे पाणी पाहून काय वाटते, त्रिवेणीवर ओंजळ भरणारा क्षणभर थांबतो की नाही, यावर आमचे गुण ठरावेत. उद्या सकाळी पुन्हा ‘नर्मदा आली’ अशी हाक येईल. त्याच दिवशी संध्याकाळी ती कोणत्या रूपाने गेली, हे कोणी तरी विचारावयास हवे. आणि उत्तर देण्यासाठी आमच्यावाचून दुसरे कोणी नाही.